१,२५० + ३४० = ५९० : लालबागच्या मसाल्याच्या दुकानातलं एक प्रकरण

मार्च संपत आला की लालबागच्या मिरची गल्लीत पाय ठेवायला जागा उरत नाही. पावसाळ्याआधी वर्षाचा मसाला करून ठेवायचा म्हणून पार विरार-बदलापूरहून बायका येतात. ब्याडगी, संकेश्वरी, काश्मिरी, लवंगी असे मिरच्यांचे ढीग, शेजारी धणे, दगडफूल, नागकेशर आणि मागे अखंड चालू असलेलं कांडप. तिथल्या एका मावशींच्या दुकानासाठी मी हिशोबाचं छोटं ॲप केलं होतं. फोनच्या ब्राउझरमध्ये उघडणारं साधं पान होतं ते: वर आकडेमोड लिहायची पट्टी, खाली बटणं, आणि जुने हिशोब दिसतील अशी यादी.

मसाल्याचं बिल म्हणजे एकच लांबलचक ओळ असते. दोन किलो या भावाने, दीड किलो त्या भावाने, खडा मसाला इतक्याचा, कांडपाचे इतके, मागची बाकी इतकी. साध्या कॅल्क्युलेटरवर मधला एक आकडा चुकला की सगळं पहिल्यापासून. ॲपमध्ये पूर्ण ओळ डोळ्यांसमोर राहते, ती तपासता येते, दुरुस्त करता येते. मावशींना तेच आवडलं होतं. पहिले काही महिने एकही तक्रार आली नाही.

मग वहिनींनी, म्हणजे मावशींच्या सुनेने, एक रास्त मागणी केली. गिऱ्हाईक फोनवर मेसेज करून हिशोब पाठवतं, तो पुन्हा टाइप का करायचा? म्हणून मी पेस्ट करायची सोय दिली. त्याच आठवड्यात करी रोडच्या एका ताईंचा मेसेज आला. त्या घरगुती मसाले करून विकतात, दुकानात त्यांचं उधारीचं खातं आहे. मागची बाकी आणि आजचे मिळून त्यांनी लिहिलं होतं १,२५०+३४०. वहिनींनी तेवढंच उचलून ॲपमध्ये टाकलं. उत्तर आलं ५९०.००. ताईंनी तेवढे पैसे फोनवरूनच दिले आणि गर्दीतून वाट काढत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतःच हजार रुपये घेऊन हजर. म्हणाल्या, “काल माझी मागची बाकी नीट धरली नाहीत बहुतेक.”

मावशींचा मला फोन आला. “बाळा, ताई भल्या म्हणून परत आल्या. अशा किती जणी आल्या नसतील?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. ॲपने चूक दाखवली असती, लाल अक्षरात काही लिहिलं असतं, निदान पट्टी रिकामी ठेवली असती, तर वहिनींनी हाताने बेरीज केली असती. ॲपने ५९० दाखवलं, दोन शून्यांसकट, ठामपणे. आणि १,५९० च्या जागी ५९० हा आकडा त्या दुकानात अगदी शक्य वाटणारा आहे.

वहिनींचा हात चुकला असेल असं मला आधी वाटलं. दुकानात जाऊन यादी उघडली तर ओळ जशीच्या तशी समोर होती: १,२५०+३४०, आणि पुढे ५९०.००. (या लेखात सगळे आकडे मी देवनागरीत लिहितो आहे. ॲपमध्ये ते इंग्रजी अंकांत होते, आणि त्या फरकाचंही पुढे येईल.)

स्वल्पविराम

माझ्या ॲपने केलं काय होतं? मी स्वतः आकडेमोड करणारा कोड लिहिलाच नव्हता. ब्राउझरमधली पानं ज्या प्रोग्रामिंग भाषेत चालतात त्या जावास्क्रिप्टमध्ये ‘इव्हॅल’ नावाची तयार सोय आहे. तिला अक्षरांची ओळ द्यायची, ती ओळ प्रोग्राम म्हणून चालवते आणि शेवटी जे मूल्य निघेल ते परत देते. मी बटणांवरच्या × आणि ÷ च्या जागी चांदणी (*) आणि तिरपी रेघ (/) घालत होतो, ओळ इव्हॅलकडे देत होतो आणि उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत छापत होतो. तीन ओळींचं काम. बटणांवर स्वल्पविराम नव्हता, तोवर ते बिनबोभाट चाललं.

जावास्क्रिप्टमध्ये मात्र स्वल्पविराम हे एक क्रियाचिन्ह आहे. डावीकडचं काढा, ते सोडून द्या, उजवीकडचं काढा आणि तेच उत्तर समजा, असा त्याचा अर्थ. म्हणजे १,२५०+३४० ही ओळ ती भाषा अशी वाचते: आधी १, ते टाकून दे; मग २५०+३४०. उत्तर ५९०. भाषेच्या नियमाने काहीही चुकलेलं नाही. ओळ उलटी असती, ३४०+१,२५०, तर ३४० आणि १ ची बेरीज टाकून देऊन उत्तर २५० आलं असतं.

घरी येऊन मी एकेक रक्कम घालून पाहत गेलो. १,०५,००० म्हणजे एक लाख पाच हजार. ॲपने दाखवलं शून्य. २,०५० ला दाखवलं ४०. चाळीस का? कारण स्वल्पविरामानंतर उरलं ०५०, आणि शून्याने सुरू होणारा आकडा जुन्या ढिल्या जावास्क्रिप्टमध्ये आठच्या पायावरचा धरला जातो. ही सी या जुन्या प्रोग्रामिंग भाषेकडून आलेली सवय आहे. आठच्या पायावर ५० म्हणजे पाच आठे, आपले ४०. त्यातही गंमत नाही, धोका आहे: ०१७ हे १५ होतं, पण ०१८ मध्ये ८ हा अंक असल्यामुळे, आणि आठच्या पायावर ८ हा अंकच नसल्यामुळे, ते मुकाट्याने १८ धरलं जातं. ०१७+०१८ चं उत्तर येतं ३३. भाषेचा कडक मोड लावला की असे शून्याचे आकडे नाकारले जातात, पण स्वल्पविराम तिथेही तसाच चालतो.

वहीतल्या ओळी

मी मावशींकडे एक गोष्ट मागितली. काही दिवस लोक जसा हिशोब लिहितात तसाच तो वहीत उतरवून ठेवायचा. नावं नकोत, नंबर नकोत, फक्त आकडेमोड. ती वही या सगळ्या प्रकरणातली माझी सर्वांत मोलाची वस्तू आहे. मी स्वतः बसून शंभर उदाहरणं रचली असती तरी त्यातली निम्मीसुद्धा सुचली नसती.

एका गिऱ्हाइकाने लिहिलं होतं १२५०/-+३४०. रुपयांपुढे तिरपी रेघ आणि आडवी रेघ काढायची आपली पद्धत चेकवर, पावतीवर, लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर सगळीकडे असते. जावास्क्रिप्टने ते वाचलं: १२५० भागिले उणे अधिक ३४०. ही त्या भाषेत अगदी वैध ओळ आहे. उत्तर, −३.६८.

कोणी गुणाकाराच्या जागी इंग्रजी एक्स टाइप केलं होतं. कोणाच्या फोनने वजाबाकीची साधी रेघ बदलून लांब रेघ केली होती. माणसाला दोन्ही सारख्या दिसतात, यंत्रासाठी ती वेगळी अक्षरं आहेत. एका आजोबांनी सगळे आकडे देवनागरीत लिहिले होते. आपल्या ० ते ९ या अंकांना युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना संगणकी क्रमांक देणाऱ्या यादीत, स्वतःच्या जागा आहेत, पण जावास्क्रिप्ट त्यांना आकडे मानत नाही, ओळ सरळ नाकारते. पायथॉन या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत आकडा वाचणारी क्रिया देवनागरी अंक बिनतक्रार घेते, आणि तीच ओळ इव्हॅलला दिली तर मात्र नाकारते. एकाच भाषेत दोन दारं, दोन नियम. आजोबांच्या बाबतीत निदान ॲप गप्प बसलं, खोटं बोललं नाही.

रुपयाचं चिन्ह, ‘रु.’, शेवटी बरोबरचं चिन्ह, मध्येच ‘किलो’ हा शब्द. आणि मध्ये अंतर सोडून लिहिलेले १२०, ८०, ४५, ज्यात स्वल्पविरामाचा अर्थ हजार नसून ‘आणि’ असा होता.

गाळणी पुरते का

माझ्या क्षेत्रातल्या दोन मित्रांना मी हे सांगितलं. दोघांनीही एकच सुचवलं: इव्हॅल ठेव, फक्त आधी गाळणी लाव. अंक, टिंब, कंस आणि चार क्रियाचिन्हं सोडून जे येईल ते परत पाठव. स्वल्पविराम पुसून टाक.

ही सूचना वाईट नाही. इव्हॅलचा जो धोका सगळे सांगतात तो तिने बऱ्यापैकी टळतो. तो धोका खरा आहे, हलक्यात घेण्यासारखा नाही. माझ्या पानाच्या साठवणीत उधारीची खाती होती, गिऱ्हाइकांचे फोन नंबर होते. इव्हॅलला दिलेली ओळ पानाच्या सगळ्या अधिकारांनी चालते. कोणाच्या मेसेजमधून उचलून पेस्ट केलेल्या मजकुरात आकड्यांऐवजी चार ओळींचा प्रोग्राम असता, तर ती खाती वाचून बाहेर पाठवायला दुसरी कसलीही परवानगी लागली नसती. हेच काम सर्व्हरवर, म्हणजे अनेकांना सेवा देणाऱ्या मध्यवर्ती यंत्रावर, पायथॉनच्या इव्हॅलने केलं तर अख्खं यंत्रच परक्याच्या हाती जाऊ शकतं. तिथे आतल्या सोयी काढून घेऊन इव्हॅल सुरक्षित करायचे उपाय सांगितले जातात, पण साध्या रिकाम्या कंसापासून सुरुवात करून भाषेच्या पोटातल्या इतर वस्तूंपर्यंत पोहोचायच्या वाटा माहीतगारांना ठाऊक आहेत. त्याही सोडा. ९ चा ९ वा घात, आणि तितका पुन्हा ९ चा घात, एवढंच लिहिलं तर पायथॉन ते पूर्णांकात काढायला बसतो. ते उत्तर सुमारे ३७ कोटी अंकी आहे. तेवढ्यात सर्व्हर बाकीच्यांसाठी बंद पडल्यातच जमा.

तर गाळणीने चोर बाहेर राहतो. मावशींचा प्रश्न मात्र तिने सुटत नाही, आणि माझा मुद्दा तोच आहे. गाळणी लावून मी वहीतल्या ओळी पुन्हा चालवल्या. भागाकाराचं बटण चुकून दोनदा दाबलं गेलेली एक ओळ होती: १२००//४+५०. सगळी चिन्हं गाळणीत बसणारी. पण जावास्क्रिप्टमध्ये दोन तिरप्या रेघांपुढचं सगळं शेरा मानून सोडून दिलं जातं. उत्तर १२००. पायथॉनमध्ये त्याच दोन रेघांचा अर्थ अपूर्णांक छाटून केलेला भागाकार, तिथे ३५० येतं. गुणाकाराचं चिन्ह दोनदा पडलं तर ४८० दुणे ९६० व्हायच्या जागी ४८० चा वर्ग होतो, २,३०,४००, कारण दोन चांदण्यांचा अर्थ घात. आठच्या पायाचे आकडे गाळणीतून सुटतातच. १२५०/-+३४० सुद्धा सुटते, तिच्यात गाळणीबाहेरचं एकही चिन्ह नाही.

मावशी लिहितात तो बाजारातला हिशोब असतो. इव्हॅल तो प्रोग्राम म्हणून वाचतं. दोघांची लिपी बरीचशी सारखी आहे म्हणून बहुतेक वेळा उत्तरं जुळतात, आणि जिथे जुळत नाहीत तिथे कोणीही ओरडून सांगत नाही. म्हणून मी इव्हॅल काढलं आणि ओळ वाचणारा भाग स्वतः लिहायला घेतला.

कंचेभागुबेव आणि साइडिंग

आधी ओळीचे तुकडे पाडायचे: हा आकडा, हे चिन्ह, हा कंस. वहीतले सगळे लोकरिवाज इथेच मार्गी लागतात. देवनागरी अंक आणि इंग्रजी अंक सारखे. एक्स, चांदणी आणि × सारखे. लांब आणि आखूड रेघ सारख्या. आकड्याला चिकटून आलेलं /- म्हणजे रुपयांची खूण, ती गाळायची. पण त्याच्यापुढे लगेच दुसरा आकडा आला, जसं १२५०/-३४०, तर अर्थ लावत बसायचं नाही, विचारायचं. स्वल्पविराम शेवटून तीन अंकांनी आणि मग दोन-दोन अंकांनी पडलेला असेल, किंवा सगळीकडे तीन-तीननी, तरच तो आकड्याचा भाग. १२,५० आलं तर तो साडेबारा की साडेबाराशे हे ॲपने ठरवू नये. तिथे त्या स्वल्पविरामाखाली लाल रेघ येते आणि ‘इथे काय म्हणायचं आहे?’ असं विचारलं जातं. तिरपी रेघ लागोपाठ दोनदा आली तरी तेच.

मग क्रम. शाळेत आपण ‘कंचेभागुबेव’ पाठ केलेलं असतं: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. हा नियम शब्दशः कोडमध्ये उतरवला तर फसगत होते. १०−३+२ मध्ये ‘बे’ आधी आणि ‘व’ नंतर असं धरलं तर ३+२ आधी होऊन उत्तर ५ येतं. खरं उत्तर ९. बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवर आहेत, डावीकडून जी आधी येईल ती आधी. गुणाकार-भागाकाराचंही तेच.

हे यंत्राला शिकवायची एक सुरेख रीत १९६१ साली डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी ॲमस्टरडॅममध्ये मांडली. तिचं नाव शंटिंग यार्ड. माझे बाबा मध्य रेल्वेत वाडीबंदर यार्डात सांधेवाला होते, त्यामुळे हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पान बंद करून आधी त्यांना फोन केला होता. मालगाडीचे डबे हव्या त्या क्रमाने लावायला यार्डात एक आंधळी साइडिंग, म्हणजे एकाच टोकाने उघडा असलेला बाजूचा रूळ, वापरतात. डबा तिथे ढकलायचा, थांबवायचा, वेळ आली की बाहेर काढायचा. शेवटी आत गेलेला आधी बाहेर येतो.

१२०+२×८०−५० ही ओळ घ्या. आकडे मुख्य रुळावरून सरळ पुढे जातात, कुठे थांबत नाहीत. १२० गेला. अधिक आला, तो साइडिंगमध्ये. २ गेला. गुणिले आला, तो आत उभ्या असलेल्या अधिकपेक्षा वरचढ, म्हणून अधिकला न हलवता त्याच्यापुढे उभा राहिला. ८० गेला. आता वजा आला. गुणिले त्याच्याहून वरचढ, म्हणून गुणिले आधी बाहेर. अधिक त्याच्या बरोबरीचा पण आधी आलेला, म्हणून तोही बाहेर. मग वजा आत. ५० गेला, ओळ संपली, वजा बाहेर. पलीकडे गाडी तयार झाली: १२०, २, ८०, ×, +, ५०, −. आता डावीकडून चालत जायचं; चिन्ह आलं की मागचे दोन आकडे उचलायचे, क्रिया करायची, उत्तर तिथे ठेवायचं. १६०, २८०, २३०. कंस न लागणारी ही मांडणी पोलिश तर्कशास्त्रज्ञ यान वुकासिएविच यांच्या १९२० च्या दशकातल्या कल्पनेची उलटी बाजू आहे, आणि १९७२ चा एचपी-३५ हा खिशातला कॅल्क्युलेटर तिच्यावरच चालत असे.

आणि इथे मावशींनी मला अडवलं. त्यांनी गल्ल्यावरच्या कॅल्क्युलेटरवर १२०+८०×२ केलं, ४०० आले. ॲपवर २८०.

“आता खरं कोण?”

दोघेही, आपापल्या नियमाने. गल्ल्यावरचा कॅल्क्युलेटर चिन्ह दाबलं की आधीची क्रिया लगेच पुरी करून टाकतो: आधी २००, मग दुप्पट. विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्येही साध्या मोडमध्ये ४०० येतं आणि सायंटिफिकमध्ये २८०. मावशींचा हात वीस-पंचवीस वर्षं त्या कॅल्क्युलेटरवर बसलेला. मी कंचेभागुबेववर ठाम राहिलो, कारण पूर्ण ओळ समोर दिसत असताना किलो गुणिले भाव अशी पदं आधी सुटणं हेच बिलाचं स्वरूप आहे. पण ठाम राहणं पुरेसं नव्हतं. आता ॲप उत्तराच्या वर बारीक अक्षरांत स्वतःचा अर्थ छापतं: १२० + (८० × २). कंस मावशींनी दिलेले नसतात, ॲपने ओळ कशी वाचली ते त्यात दिसतं. मावशी पहिले काही दिवस आधी ती बारीक ओळ वाचत आणि मगच उत्तराकडे बघत. ॲपमध्ये मी केलेल्या सगळ्या बदलांत मला हा सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

टक्का

जावास्क्रिप्टमध्ये टक्क्याचं चिन्ह म्हणजे भागाकाराची बाकी. १०००+५% ही ओळ तिथे अपुरी म्हणून नाकारली जाते. अनेक जण चिन्हाच्या जागी ‘भागिले १००’ घालून मोकळे होतात. मग १०००+५% चं उत्तर १०००.०५ येतं. मसाल्यावर ५ टक्के जीएसटी आहे. गिऱ्हाईक असो की व्यापारी, ही ओळ लिहिणाऱ्या कोणालाही १,०५० च हवे असतात.

उत्तर शाळेच्या सूत्रातच होतं. कंचेभागुबेवमधला ‘चे’. टक्का एकटा नसतोच, तो कशाचा तरी असतो. १०००+५% म्हणजे १००० अधिक १००० चे ५ टक्के. मग नियम असा केला: अधिक किंवा वजानंतर टक्का आला तर तोवरच्या डावीकडच्या सगळ्या रकमेचे तेवढे टक्के, गुणिले-भागिलेनंतर आला तर साधे शंभरावे भाग. ५००+३००+१०% चे ८८० होतात, आणि बारीक ओळीत ‘८०० चे १०% = ८०’ असं छापून येतं. कोणाला दहा टक्के फक्त ३०० वर लावायचे असतील तर ते ही ओळ बघून ओळखतात आणि कंस घालतात.

एक गैरसमज मात्र ॲपने दूर करायचा नव्हता, मी बोलून दूर केला. वहिनी करासकट रकमेतून मूळ किंमत काढायला १०५०−५% करत. ते ९९७.५० येतं, आणि तेच बरोबर आहे, कारण तिथे टक्के १०५० चे निघतात. मूळ किंमत हवी तर १०५०÷१.०५. त्यासाठी वेगळं बटण दिलं, ‘कर वगळून’.

पैसे

ब्राउझरमधला साधा आकडा १९८५ च्या आयट्रिपलई ७५४ या, संगणकात दशांश आकडे कसे साठवायचे ते ठरवणाऱ्या प्रमाणकाप्रमाणे दोनच्या पायावर साठवला जातो. ०.१ तिथे नेमका बसत नाही, म्हणून ०.१+०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं, आणि १.००५ दोन स्थळांपर्यंत पूर्णांकित केले तर १.०१ च्या जागी १.०० मिळतात. मी सगळे आकडे अपूर्णांक म्हणून ठेवले, वर एक पूर्णांक, खाली एक पूर्णांक. जावास्क्रिप्टमध्ये २०२० पासून हवे तेवढे मोठे पूर्णांक अधिकृतपणे मिळतात, त्यामुळे हे सोपं झालं. १००÷३×३ बरोबर १०० च येतात. पूर्णांकन एकदाच, शेवटी. ५० पैशांखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनात नाहीत, तरी फोनवरून पैसे देणारी माणसं पैशापर्यंत रक्कम देतात. म्हणून उत्तर रुपयापर्यंत पूर्णांकित करायचं की पैशापर्यंत, हे दुकानदाराच्या हाती ठेवलं. घाताचं चिन्ह मुद्दाम ठेवलंच नाही. मसाल्याच्या बिलात त्याचं काम नाही, आणि ते नसलं की ३७ कोटी अंकांचा प्रश्नच येत नाही.

सध्या अडलंय ते

वहीतल्या सगळ्या ओळी आता दर बदलानंतर आपोआप तपासल्या जातात, पहिलीच ओळ ताईंची. मावशींचं पुढचं म्हणणं वेगळं आहे. “आम्ही तोंडाने सव्वा, दीड, पावणेदोन असं बोलतो. फोनला सांगितलेलं तो लिहून घेतो, मग तुझं ॲप का समजून घेत नाही?”

बरोबर बोलल्या. हे शब्दही चिन्हंच आहेत, आकड्याच्या आधी येणारी. सव्वा म्हणजे पाव अधिक, साडे म्हणजे अर्धा अधिक, पावणे म्हणजे पाव कमी. पण क्रम? पावणेदोनशे मध्ये ‘दोनशे’ आधी धरून त्यातून पाव काढला तर १९९.७५ होतात. लालबागच्या बाजारात कोणीही तसं म्हणणार नाही. पावणे आधी ‘दोन’ला लागतं, मग शे: १.७५ गुणिले १००, म्हणजे १७५. म्हणजे पावणे हे ‘शे’पेक्षा वरचढ. साइडिंगच्या भाषेत ते सोपं आहे. मग सव्वाशे घ्या. तिथे मध्ये आकडाच नाही, सव्वाच्या पोटात १ दडलेला आहे: १२५. पाऊणशे मध्ये तर तोही नाही, पाऊण स्वतःच आकडा आहे: ७५. आणि दीड-अडीच ही चिन्हं नाहीतच, पुरे आकडे आहेत, म्हणून दीडशे, अडीच हजार चालतात पण ‘साडेएक’ आणि ‘साडेदोन’ कोणी म्हणत नाही.

काल मी दुकानात बसून हे सगळे शब्द वहीत उतरवून ॲपला शिकवत होतो. मावशी मिरची तोलता तोलता म्हणाल्या, “लिही, सव्वादोन किलो, पावणेचारशे भावाने.” मी ॲपला तेच ऐकवलं. त्याने २.२५ × ३७५ असं बारीक ओळीत छापलं आणि खाली ८४३.७५. मावशींनी आधी वरची ओळ वाचली.

“आता म्हण, सव्वादोन किलो आणि वर छटाक,” त्या म्हणाल्या.

छटाक मी अजून शिकवलेला नाही.